दहा तासांचा जोड: खान्देशात नोकरीसाठी लेडीज शूज घेताना

जळगावच्या फुले मार्केटात किंवा धुळ्याच्या आग्रा रोडवर लेडीज चपला-बुटांची दुकानं शोधावी लागत नाहीत. शोधावा लागतो तो असा जोड, जो सकाळच्या पॅसेंजरला पायात चढवला आणि दिवेलागणीला उंबऱ्याशी काढला, तरी मधल्या दहा तासांत त्याची एकदाही आठवण झाली नाही. देखणे जोड बाजारात पुष्कळ आहेत, मऊही पुष्कळ आहेत. दोन्ही गुण असलेले आणि वर खान्देशचं ऊन, काळ्या मातीचा चिखल आणि ओल्या फरशा सोसणारे मात्र मोजके. हे परीक्षण त्या मोजक्यांचं आहे, आणि बाकीचे का टिकत नाहीत त्याचंही.

निवाडा आधीच सांगायचा तर शाळा, बँक, कॉलेज, कचेरी यांपैकी कुठेही नोकरी असो, एकच जोड घ्यायचा असेल तर बंद लोफर, म्हणजे लेस नसलेला बूट, घ्यावा. टाच दीड ते अडीच सेंटीमीटर, तळ रबराचा किंवा टीपीआरचा (रबरासारख्या प्लास्टिकचा), पुढचा भाग गोल आणि बोटांवर थोडा उंच. दुसरा जोड परवडत असेल तर मागे पट्टा असलेला, धुता येणारा सँडल, जून ते सप्टेंबरसाठी. बेली, म्हणजे वरून उघडा सपाट बूट, दिसते सुरेख, पण तिला मर्यादा आहेत. त्या पुढे येतीलच. घोट्यापर्यंतचे बूट शहरातल्या कचेरीसाठी इथे फार तर दोन महिन्यांचे सोबती. शिवारात फिरणाऱ्या तलाठी, कृषी सहायक आणि वनरक्षक महिलांची गोष्ट वेगळी. त्यांना बूट वर्षभर लागतात आणि बाजारात त्यांचीच सोय सगळ्यात कमी आहे.

नंबर पायाचा नसतो

दुकानदारानं नंबर विचारला आणि आपण सवयीनं "पाच" म्हटलं की निम्मी चूक तिथेच होते. नंबर असतो तो बूट ज्या फर्म्यावर, म्हणजे पायाच्या आकाराच्या साच्यावर, बेततात त्या फर्म्याचा. आपल्याकडे चालणाऱ्या ब्रिटिश पद्धतीत फर्म्याची लांबी इंचात घ्यायची, तिला ३ नं गुणायचं आणि २५ वजा करायचे. आलेलं उत्तर म्हणजे नंबर. फर्मा पायापेक्षा साधारण ११ मिलिमीटर लांब हवा, कारण चालताना पाय पुढे सरकतो आणि बोटांना तेवढी मोकळीक लागते. समजा पाय २४ सेंटीमीटरचा आहे. फर्मा झाला २५.१ सेंटीमीटर, म्हणजे ९.८८ इंच. गुणिले ३, वजा २५, उत्तर ४.६५. म्हणून ५ नंबर. याच हिशोबानं २२.४ सेंटीमीटरच्या पायाला ३, २३.२ ला ४, २४.९ ला ६ आणि २५.७ ला ७ नंबर लागतो. एका नंबरात साडेआठ मिलिमीटरचा फरक पडतो, अर्ध्या नंबरात सव्वाचार.

मोजायचं असं: भिंतीला टाच टेकवून कागदावर उभं राहावं, वजन दोन्ही पायांवर सारखं ठेवावं, आणि सगळ्यात पुढे आलेल्या बोटापाशी पेन्सिल सरळ उभी धरून खूण करावी. कित्येकींचं अंगठ्याशेजारचं बोट अंगठ्यापेक्षा लांब असतं; तिथे अंगठ्याशी खूण केली तर माप फसतं. दोन्ही पाय मोजावेत, कारण ते क्वचितच सारखे भरतात. मोठ्या पायाचं माप धरावं. बसून मोजू नये, उभं राहिलं की पाय लांबतो आणि पसरतो. वेळ संध्याकाळची धरावी. दिवसभराच्या उभ्या कामानं आणि उकाड्यानं पाय सुजलेला असतो, आणि बूट सोसायचा आहे तो त्याच पायाला.

लांबीइतकीच चवड्याची रुंदीही बघावी लागते. लहानपण अनवाणी आणि पुढचं आयुष्य चपलेत गेलेल्या पायांचा चवडा सहसा पसरट असतो, टाच मात्र अरुंद राहते. बाजारातला बराचसा फॅशनचा माल निमुळत्या फर्म्यावर बेतलेला. चवडा दाबतो म्हणून दुकानदार एक नंबर मोठा काढून देतो. चवड्याला त्यानं थोडी जागा मिळते, पण टाच निसटायला लागते. मग बूट धरून ठेवण्यासाठी बोटं आत आकसून चालावं लागतं आणि दोन महिन्यांत करंगळीवर कुरूप तयार. अहिराणीत "बूट पायले चावस" म्हणतात, ते बहुतेक वेळा या वाढीव नंबरामुळे. नंबर वाढवण्याऐवजी पुढून रुंद असलेला दुसरा नमुना मागावा.

रुंदी तपासायची खात्रीची रीत म्हणजे आतला सुखतळा काढून जमिनीवर ठेवायचा आणि त्यावर उभं राहायचं. कुठल्याही बाजूनं पाय सुखतळ्याबाहेर सांडत असेल तर तो जोड परत द्यावा, मग वरचं कातडं कितीही मऊ असो. सुखतळा चिकटवलेला असेल तर घरून पायाचा कागदी आकार कापून न्यावा आणि बुटाच्या तळाखाली धरून बघावा.

आणखी दोन तपासण्या आहेत, दोन्ही मिळून अर्धं मिनिट. बूट हातात धरून टोक आणि टाच एकमेकांकडे वाकवावीत. तो चवड्याच्या रेषेवर, म्हणजे बोटं जिथून सुरू होतात तिथे वाकला पाहिजे. मध्यावर, कमानीखाली दुमडला तर आतली पट्टी कच्ची आहे किंवा नाहीच. असा जोड टाच दुखवतो. दुसरी तपासणी मागच्या भिंतीची. टाचेमागची बाजू अंगठा-तर्जनीनं चिमटीत दाबावी. ती कागदासारखी आत गेली तर दोन महिन्यांत मागचा भाग चेपणार आणि बुटाची सपाता होणार.

तळ कशाचा

दुकानात पाय गादीत रुतल्यासारखा वाटतो, ती करामत सुखतळ्याखालच्या फोमची. मेमरी फोम ऊब लागली की आणखी मऊ होतो, हा त्याचा स्वभावच आहे. एसीच्या दुकानात तो छान उसळी देतो. एप्रिलच्या दुपारी पाय आणि रस्ता दोन्ही तापल्यावर तोच फोम टाचेखाली दबून सपाट होतो आणि वजन थेट खालच्या कडक तळावर येतं. दुकानात अंगठ्यानं पाच सेकंद जोरात दाबून सोडावं. खड्डा लगेच भरून आला तर ठीक, रेंगाळला तर ती गादी फार दिवसांची नाही.

बाहेरच्या तळाचे आपल्याकडे पाच प्रकार मिळतात. पीव्हीसी सगळ्यात स्वस्त, जड, चकचकीत, प्लास्टिकचा वास येणारा. ओल्या फरशीवर तो हमखास घसरतो. दवाखान्यात पुसलेल्या वॉर्डात, पावसात रेल्वेच्या डब्याच्या लोखंडी पायरीवर किंवा शाळेच्या गुळगुळीत व्हरांड्यात पीव्हीसीचा तळ नको म्हणजे नकोच. टीपीआर म्हणजे थर्मोप्लास्टिक रबर. दिसायला मॅट, नखानं दाबलं की किंचित दबणारा, पकड चांगली, किंमत आवाक्यातली. खरं रबर पकडीला आणि झिजेला सगळ्यात सरस, वजन मात्र जास्त. ईव्हीए हा फोम कापसासारखा हलका आणि पायाला सुखाचा, पण डांबरी रस्त्यावर लवकर घासतो आणि उन्हात ठेवला तर आकसतो. म्हणून मधे ईव्हीए आणि खाली रबराचा पातळ थर अशी जोडणी सगळ्यात समाधानाची. बूट उलटा केला की दोन रंगांचे थर दिसतात, त्यावरून ती ओळखावी.

पाचवा पीयू, म्हणजे पॉलियुरेथेन. हलका, मऊ, घासायलाही बरा. त्याचा शत्रू दमट हवा. पीयूचा तळ न वापरता खोक्यात वर्षानुवर्षं पडून राहिला तरी आतून कुजतो, आणि एके दिवशी बिस्किटासारखा चुरा होऊन रस्त्यावर सुटतो. "शिल्लक माल, निम्म्या भावात" या पाटीखाली असे जोड बरेच असतात. खोक्यावर उत्पादनाचा महिना आणि वर्ष छापलेलं असतं. पीयूचा तळ असेल आणि तारीख दोन वर्षांपेक्षा जुनी असेल तर निम्म्या भावातही घेऊ नये. लेबलावर नुसतं "पीयू" लिहिलेलं असेल तर ते तळाबद्दल आहे की वरच्या रेक्झिनबद्दल, हे विचारून घ्यावं. दोन्ही वस्तू वेगळ्या आहेत.

उन्हाचा मारा चिकटवणीवरही होतो. आजचे बहुतेक लेडीज शूज शिवलेले नसतात, चिकटवलेले असतात. कारखान्यात पीयूचा चिकट थर साधारण ६० ते ७० अंशांपर्यंत तापवून जागा करतात आणि मग तळ दाबून बसवतात. जळगाव-भुसावळकडे मे महिन्यात पारा ४५ च्या आसपास जातो तेव्हा डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग ६० च्या पुढे सरकतो, आणि उन्हात उभ्या स्कूटीची डिकीही भट्टीसारखी तापते. ज्या थरानं तळ बसला, तोच थर त्या उष्णतेत पुन्हा सैलावतो. चांगल्या कारखान्यात चिकटवणीत हार्डनर घालतात, मग ती उष्णतेला दाद देत नाही. स्वस्त मालात तो वगळतात. दुकानात हार्डनर दिसत नाही, पण तळ आणि वरच्या भागाच्या सांध्यावर नख फिरवता येतं. नख आत शिरलं, किंवा चिकटवणीचा पिवळट ओघळ बाहेर आलेला दिसला, की तो जोड खाली ठेवावा. आणि जादाचा जोड उन्हाळ्यात डिकीत ठेवायची सवय मोडावी.

तळावरची नक्षी कामाप्रमाणे निवडावी. फरशीसाठी दोन-तीन मिलिमीटर खोल, बारीक आणि दाट खाचा हव्यात. त्या पाणी बाजूला सारतात. काळ्या मातीत याच्या नेमकं उलट. ही माती ओली झाली की चिकणते, बारीक खाचांत गच्च बसते आणि दहा पावलांत एकेका पायाला किलोभराचा गोळा लागतो. शेतात जायचं असेल तर चार-पाच मिलिमीटर खोल आणि एकमेकांपासून लांब असलेले गट्टू (तळावरचे उंचवटे) हवेत, म्हणजे पाय झटकला की माती गळून पडते.

जोडवी, पैंजण आणि साडीचा काठ

कंपन्यांचे माहितीपत्रक लिहिणारे हे विचारात घेत नाहीत, आपल्याला मात्र रोजच निभवायचं असतं. जोडवी घालणाऱ्या पायाला बुटाचा पुढचा भाग नुसता रुंद असून चालत नाही, उंचही लागतो. नक्षीची, खड्याची जोडवी बंद बुटात शेजारच्या बोटाला कापतात आणि वरच्या रेक्झिनला आतून भोक पाडतात. कामाच्या दिवशी सपाट पट्टीची साधी जोडवी घालावीत आणि जोड घेताना ती पायात असावीत. दुकानात जोडवी काढून बूट घालून बघण्यात काही अर्थ नाही. पैंजण घोट्याच्या बुटाच्या काठाखाली अडकून कातडी सोलतात. बूट घालायचे तर पैंजण काढून ठेवावेत, नाहीतर काठावर मऊ गादी असलेला नमुना घ्यावा.

साडी नेसणाऱ्यांनी बकल आणि वेल्क्रो या दोन्हींकडे नीट बघावं. वेल्क्रोची खरखरीत बाजू फॉलचे धागे ओढते. बकलचा काटा बाहेरच्या बाजूला असेल तर काठात शिरतो आणि जिन्यावर तोल जातो. बकलच्या आत इलॅस्टिक असलेला पट्टा घ्यावा, म्हणजे बकल एकदा लावलं की परत सोडावं लागत नाही. साडी नेसण्यापूर्वी त्या दिवशीचा जोड पायात हवा. दोन सेंटीमीटरच्या टाचेवर बेतलेल्या निऱ्या चपलेवर जमिनीला लोळतात.

वरच्या भागासाठी खरं कातडं, जाळीचं कापड आणि रेक्झिन असे तीन पर्याय. आत किंवा तळाला छोट्या खुणा छापलेल्या असतात: जनावराच्या कातड्याचा आकार म्हणजे कातडं, जाळी म्हणजे कापड, पत्त्यांतल्यासारखी चौकट म्हणजे इतर वस्तू. रेक्झिन पायाच्या वळणावर वर्षभरात पापुद्रे सोडतं आणि घाम बाहेर जाऊ देत नाही. पण बुटाचं अस्तर आणि सुखतळा कातड्याचा असेल तर वरचं रेक्झिन चालवून घेता येतं. उलट रचना, म्हणजे वर कातडं आणि आत प्लास्टिकचं अस्तर, मार्चनंतर सोसवत नाही.

कोणता प्रकार कशाला

लोफर. बाटाच्या कम्फिट मालिकेत, लिबर्टीच्या सेनोरिटात आणि मेट्रो, मोचीसारख्या दुकानांत साधारण १,२०० ते २,५०० रुपयांत कामाचे नमुने मिळतात. हश पपीज आपल्याकडे बाटाच विकते. तिथे कातडं उजवं आणि किंमत तीन हजारांच्या पुढे. निवडताना वरच्या पट्टीच्या दोन्ही बाजूंना इलॅस्टिक आहे का ते बघावं. आशा सेविका आणि अंगणवाडीताई दिवसातून वीस वेळा उंबऱ्याबाहेर बूट काढतात. इलॅस्टिक असेल तर हात न लावता, मागची भिंत न चेपता पाय आत जातो. काळा रंग सगळ्यावर चालतो हे खरं, पण आपल्या धुळीत गडद तपकिरी आणि मातकट रंग दिवसभर नीटस दिसतात. काळ्यावर दुपारपर्यंत पांढरी धूळ उठून दिसते.

बेली. बाजारात अडीचशे-चारशेपासून मिळते, पर्समध्ये मावते, सलवार-कुर्त्यावर आणि साडीवरही शोभते. पण तिचा तळ बहुधा चार-पाच मिलिमीटरचा, टाच शून्य, आणि कमानीला आधार नसतो. फळ्यासमोर पाच तास उभं राहिलं की टाचेचा तळवा ताणला जातो. सकाळी उठल्यावर पहिल्या पावलाला टाचेत कळ येते, ती या ताणाची खूण. बसून काम असलेल्यांना बेली ठीक. घेतलीच तर टाचेखाली किमान एक सेंटीमीटर उंची असलेली घ्यावी. काठाला इलॅस्टिक ओवलेली बेली टाचेमागे कापते. त्याऐवजी शिवून पक्का केलेला काठ बघावा.

ब्लॉक हील. उंचीचा हिशोब टाचेतून पुढचा प्लॅटफॉर्म, म्हणजे चवड्याखालचा जाड तळ, वजा करून करायचा. पाच सेंटीमीटर टाच आणि पुढे दोन सेंटीमीटर प्लॅटफॉर्म म्हणजे पायाला चढ तीनचाच. तीनपर्यंतचा चढ दिवसभर निभतो. त्याच्या वर गेलं की शरीराचं वजन चवड्यावर सरकतं आणि बोटं पुढे कोंबली जातात. टाचेचा ठोकळा खाली तीन सेंटीमीटर तरी रुंद हवा, आणि जोड काउंटरवर ठेवून वरून बोट लावलं तर तो डुगडुगता कामा नये. स्कूटीवरून पाय टेकताना बारीक टाच खडीत मुरगळते. अप-डाऊन करणाऱ्यांनी ती कचेरीतच ठेवावी.

चालण्याचे स्पोर्ट्स शूज. स्केचर्सच्या गो वॉकसारखे, लेस नसलेले हलके जोड उभ्या कामाला खरोखर सुखाचे आहेत. महाग आहेत, आणि जाळीतून धूळ आत येते हा त्यांचा इथला मुख्य दोष. कॅम्पस आणि स्पार्क्समध्ये हजार-दीड हजारांत जवळपास तेच काम होतं, सुखतळा तेवढा लवकर बसतो. तो काढता येणारा असेल तर वेगळा नवा टाकून जोडाचं आयुष्य वाढवता येतं. एकरंगी, पांढऱ्या तळाशिवायचा नमुना घेतला तर कचेरीतही खटकत नाही.

क्रॉक्स आणि तशा फोमच्या चपला. परिचारिकांमध्ये त्या फार चालतात आणि रास्तही आहे. धुता येतात, हलक्या आहेत. मात्र हा फोम उष्णतेनं आकसतो. कडक उन्हात वाळत टाकला किंवा बंद गाडीत राहिला तर नंबर लहान होतो आणि परत मोठा होत नाही. वॉर्डात वरून भोकं नसलेला नमुना घ्यावा; सुई किंवा सलाइनचं पाणी पायावर पडायला नको. मधुमेहामुळे पायाची जाणीव कमी झालेल्यांनी या भानगडीत न पडता डॉक्टरांच्या सल्ल्यानं मऊ एमसीआर (बारीक छिद्रांच्या) रबराचा सुखतळा असलेला, मागे पट्टा असलेला सँडल घ्यावा. त्यांना बूट चावला तरी कळत नाही, आणि धोका तोच आहे.

बूट आणि सेफ्टी शूज

शहरी अँकल बूट डिसेंबर-जानेवारीत, पहाटेच्या गाडीनं जाणाऱ्यांना छान. एका बुटाचं वजन चारशे ग्रॅमच्या वर असेल तर रोजच्यासाठी नको. चेन आतल्या बाजूला आणि धातूची हवी, तिच्यामागे कापडाची पट्टी असावी म्हणजे मोजा अडकत नाही.

यावल-चोपड्याच्या सातपुडा पायथ्याशी किंवा तळोदा-अक्कलकुवा भागात पायी फिरणाऱ्यांसाठी घोटा झाकणारा, लेस असलेला बूट घ्यावा. काटा, दगड, विंचू, साप या सगळ्यांपासून घोट्याला तेवढंच संरक्षण. जिभेच्या दोन्ही बाजू वरपर्यंत शिवलेल्या असाव्यात, नाहीतर कुसळं आणि पाणी तिथूनच आत शिरतं. जोड एक दिवसाआड वापरता आला तर उत्तम. घामानं भिजलेला बूट वाळायला चोवीस तास लागतात.

एमआयडीसीतल्या दालमिल, पाइप आणि चटईच्या कारखान्यांत महिलांना बऱ्याचदा पुरुषांच्याच फर्म्याचा पाच नंबर दिला जातो. त्याची टाच रुंद असते, म्हणून बूट आत निसटतो. दोन मोजे घालून हे सुटत नाही, पाय फक्त जास्त तापतो. महिलांच्या फर्म्यावरचे सेफ्टी शूज बनतात, मागणी लेखी करावी लागते. खरेदी करताना आयएस १५२९८ हा भारतीय मानकाचा आकडा आणि आयएसआयची खूण बघावी. याच मानकाच्या दुसऱ्या भागातल्या सेफ्टी शूजची बोटांवरची टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते, तिसऱ्या भागातली १०० ज्यूलचा, आणि चौथ्या भागात टोपीच नसते. वजन उचलण्याच्या जागी चौथ्या भागाचा जोड देणं चूक आहे. टोपीची कड अंगठ्याच्या सांध्यावर येत असेल तर नमुना बदलून घ्यावा. ते कातडं वापरून सैल होत नाही, लोखंड तर नाहीच.

किंमत, बिल, गटई

२२ सप्टेंबर २०२५ पासून जोडामागे २,५०० रुपयांपर्यंत जीएसटी ५ टक्के आणि त्याहून महाग जोडावर १८ टक्के आहे. म्हणून अडीच हजारांच्या उंबऱ्यावरचा जोड घेताना सवलतीनंतरची किंमत कुठे पडते ते बघावं. थोडक्या फरकानं करात बराच फरक पडतो. महिन्याचा हिशोब करावा. चारशेची बेली चार महिने टिकली तर महिन्याला शंभर रुपये. अठराशेचा लोफर दीड वर्ष टिकला तरी शंभरच, आणि मधल्या काळात पाय शाबूत. पक्कं बिल घ्यावं, त्यावर नमुना क्रमांक असावा. बिल असेल तर दुकानदार टाळाटाळ करत असताना राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवता येते.

नवा जोड पहिल्या दिवशीच दहा तास घालू नये. तीन-चार दिवस घरात, फरशीवर, मोजे घालून तासभर फिरावं. तळ स्वच्छ असेपर्यंत बदलून मिळतो. एकदा रस्त्यावर गेला की नाही. पावसात भिजलेल्या बुटातून सुखतळा काढून आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबावेत, दोन तासांनी बदलावेत, आणि पंख्याखाली सावलीत वाळवावा. चुलीजवळ किंवा गच्चीवर उन्हात वाळवलेलं कातडं तडकतं आणि चिकटवणी सुटते, दोन्ही एकाच दुपारी.

गटई कामगाराच्या स्टॉलवर जोड न्यायचा तो फाटण्याआधी. टाचेचा बाहेरचा कोपरा दोन-तीन मिलिमीटर झिजला की रबराची टिप बदलून घ्यावी. त्यापुढे गेलं तर ठोकळाच घासतो आणि चाल वाकडी होते. बेलीच्या चवड्याखाली नवी असतानाच दोन मिलिमीटर रबराची पत्ती मारून घेतली तर ती दुप्पट चालते. बाजूनं वर आलेल्या, वाटीसारख्या तळाला साइड शिलाई मारता येते. पातळ ईव्हीएला मात्र शिलाई नको. दोरा फोम कापत जातो. उघडलेला तळ चिकटवायचा तर आधी जुनी चिकटवणी खरवडून काढायला आणि दोन्ही बाजू पॉलिश पेपरनं घासायला सांगावं. सोल्युशन दोन्हीकडे लावून ते बोटाला लागेनासं होईपर्यंत दहा-पंधरा मिनिटं थांबायचं, मगच तळ बसवून ठोकायचा. घाईत ओल्यावरच तळ बसवला तर तो आठवड्यात उघडतो. टीपीआरचा तळ असेल तर सोल्युशनआधी प्रायमर लागतो. प्रायमर नसेल तर चिकटवण्यापेक्षा शिवून घ्यावा. जोड स्टॉलवरून आणल्यावर चोवीस तास पायात घालायचा नाही. म्हणून तो शनिवारी संध्याकाळी द्यावा आणि सोमवारी सकाळी पायात चढवावा.